शाळांची जोडणी आणि गावचा कारभार

वाडी-वस्तीवरच्या कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिळवाव्यात की नाही, यावर गेली काही वर्षे आपल्याकडे बोलले जाते. हाच प्रयोग अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत जवळजवळ शंभर वर्षे चालला. तेव्हा या पाठात आधी त्यांचे काय झाले ते पाहू, मग आपल्याकडे वळू.

तिकडे ज्याला 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणतात त्याचा आपल्या जिल्ह्याशी घोटाळा करू नये. ती शाळेपुरती वेगळी पंचायतच म्हणा ना. तिची हद्द ठरलेली, तिला स्वतःचा कर बसवण्याचा अधिकार आणि तिचे मंडळ गावाने निवडून दिलेले. शेतीवर जगणाऱ्या राज्यांत एका खोलीच्या शाळेला बहुधा तीन जणांचे मंडळ असे, आणि ते शेतकरीच असत. मास्तरीण कोण नेमायची, तिला पगार किती द्यायचा, थंडीत शेगडीला सरपण कुणी पुरवायचे, हे सारे तेच ठरवीत. १९२९-३० साली अशा एकशिक्षकी शाळा देशभर सुमारे १,४९,००० होत्या. १९३९-४० साली डिस्ट्रिक्ट होते सुमारे १,१७,०००. आज ते साधारण १३,००० उरले आहेत. म्हणजे दहातले जवळजवळ नऊ मोडले.

मोडले कशाने? कारणे काही खोटी नव्हती. ट्रॅक्टर आला, शेते मोठी झाली, कुटुंबे शहराकडे गेली, पोरंच कमी झाली. पक्का रस्ता झाला आणि शाळेची बस धावू लागली. एकाच बाईने आठ इयत्ता सांभाळायच्या, तिथे विज्ञानाचे प्रयोग कुठून होणार? हायस्कूलचे शिक्षण हवे तर मोठी शाळा हवी, हे आईबापांनाही पटत होते. पण स्टॅनफर्ड विद्यापीठातले एलवुड कबर्ली यांच्यासारखे तज्ज्ञ आणखी एक गोष्ट सांगत. शाळेचा कारभार शेतकऱ्यांच्या छोट्या मंडळाकडून काढून शिकलेल्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावा, असे त्यांचे म्हणणे. इथे सहकारातल्या माणसाने कान टवकारावेत. वर्ग एकत्र करणे ही एक गोष्ट आणि मालकी काढून घेणे ही दुसरी. दोन्ही एकाच कागदावर आल्या आणि एकाच सहीने मंजूर झाल्या.

नेब्रास्का राज्याचे उदाहरण बघण्यासारखे आहे. त्या राज्याच्या पश्चिम भागात साखरेचे बीट पिकते, आणि तिथली साखर कंपनी २००२ साली बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थेने विकत घेतली. म्हणजे तसे आपलेच भाऊबंद. या राज्यात फक्त प्राथमिक शाळा चालवणारे दोनशेहून अधिक छोटे डिस्ट्रिक्ट २००५ पर्यंत टिकून होते. त्या वर्षी विधिमंडळाने ते मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन करण्याचा कायदा केला. राज्यपालांनी नकार दिला, तरी विधिमंडळाने तो पुन्हा मंजूर केला. खेड्यातल्या लोकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतदानाला नेला. पण मतदान होईतो अंमलबजावणी थांबवायला जितक्या सह्या लागत होत्या तितक्या भरल्या नाहीत. जून २००६ मध्ये डिस्ट्रिक्ट विसर्जित झाले. नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी कायदा रद्द केला. जिंकले खरे, पण तोवर मंडळे संपली होती, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर गेली होती. कोर्टकज्जा जिंकावा आणि रान आधीच विकलेले असावे, तशी गत.

पैसा वाचला का, हे सभासद विचारणारच. न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यांच्या डिस्ट्रिक्टचा याच दृष्टीने अभ्यास झाला आहे. अगदी छोटे डिस्ट्रिक्ट जोडले तिथे दर मुलामागे खर्च बराच उतरला. आकार वाढत गेला तशी बचत कमी होत गेली, आणि जोडणीनंतरच्या नव्या इमारतींनी तिचा काही भाग खाल्ला. तेव्हा जोडणी नेहमीच तोट्याची, असे आम्ही म्हणत नाही. चार मुलांच्या शाळेत पोराला खेळायला जोडीदारही मिळत नाही, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. गावाला कर बसवण्याचा किंवा गुरुजी नेमण्याचा अधिकार नाही. खोलीला लोकवर्गणी नि श्रमदान मात्र गावचे. डिसेंबर २०१७ मध्ये १० पर्यंत पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळेत सामावण्याचे शासनाने ठरवले. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५,००० शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारातील तोरणमाळ यांची नावे पुढे होती. त्याला विरोधही बराच झाला.

या शाळा बऱ्याचदा मळ्यातल्या वस्तीवर असतात, म्हणून हा प्रश्न थेट आपल्या दारातला आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे अंतर धरले आहे. कागदावरचा किलोमीटर आणि उसातली पायवाट यांत फरक असतो. हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, पावसाळ्यात ओढा, आणि जुन्नरसारख्या भागात उसातला बिबट्या. सहा वर्षांची पोर तिथून कशी जायची? गाडी देणार असतील तर ती वस्तीपर्यंत येणार की डांबरी रस्त्यावर थांबणार? पंधरा दिवस बंद पडली तर दुसरी कोण देणार?

हे विचारण्याची जागा कायद्याने दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे, ही तिची कामे. पण पुष्कळ ठिकाणी समिती म्हणजे मुख्याध्यापकांनी वहीवर घेतलेल्या सह्या. कारखान्याच्या वार्षिक सभेत वजनकाट्यावर तासभर बोलणारा आपला सभासद या सभेला फिरकत नाही, घरच्या बाईलाही पाठवत नाही.

जोडणीचा प्रस्ताव येईल तेव्हा समितीने आधी पायवाटेने अंतर मोजावे, किती मुले कोणत्या वस्तीवरून येतात ते लिहून काढावे आणि ठराव करून त्याची पोच घ्यावी. नव्या शाळेच्या समितीत आपल्या वस्तीचे किती पालक असतील आणि जुनी खोली व जागा कुणाच्या ताब्यात राहील, हे त्याच ठरावात मागून घ्यावे. विलीन झाल्यावर नव्हे.