बोटांनी पाहू या चंद्र

मुलांनो, चंद्र तुम्ही नेहमी पाहता. उर्दूत त्याला 'चाँद' म्हणतात. पण ज्या मित्राला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला चंद्र कसा दाखवायचा? चला, हात लावून पाहता येईल असे चंद्राच्या जमिनीचे चित्र तयार करू या.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे 'चंद्रयान-३' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. चंद्राची जमीन राखाडी धुळीने झाकलेली आहे. तिच्यावर लहानमोठे गोल खड्डे आहेत. त्यांना विवरे म्हणतात. आकाशातून दगड येऊन आदळले, म्हणून ही विवरे पडली. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवरही असेच पडले. तिथे पाणी साठून सरोवर झाले. चंद्रावर मात्र पाऊस नाही आणि वाराही नाही. म्हणून तिथली विवरे कोट्यवधी वर्षे टिकून आहेत.

जुनी वर्तमानपत्रे फाडून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी पिळून त्यांचा लगदा करा. मोठ्या माणसांकडून मैद्याची खळ शिजवून घ्या आणि ती थंड झाल्यावर लगद्यात मिसळा. जाड पुठ्ठ्याच्या खालच्या भागावर हा लगदा पसरा. वरच्या भागावर काळे कापड चिकटवा. हे झाले आकाश. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे दिवसाही आकाश काळे दिसते.

आता ओल्या लगद्यात बाटलीचे झाकण, बांगडी आणि अंगठा दाबून विवरे करा. प्रत्येक विवराची कड बोटांनी थोडी वर उचला. आदळणाऱ्या दगडामुळे माती उडून कडेला साठते, हे विसरू नका. वर चाळलेली वाळू टाका आणि हलकेच दाबा. मधूनमधून खडे बसवा. आकाशात, जमिनीच्या अगदी जवळ, एक निळे बटण शिवा. ही आपली पृथ्वी! दक्षिण ध्रुवाजवळून ती अशीच खाली दिसते.

चित्र दोन-तीन दिवस वाळू द्या. मग डोळे मिटून त्यावर बोटे फिरवा. जमीन कुठे संपते? मोठे विवर कोणते? हे बोटांना कळले नाही, तर काम अजून बाकी आहे. वाळू सुटत असेल, तर पुन्हा खळ लावा. नुसते सुंदर चित्र पुरत नाही. ते खरेही असावे लागते. कारण आपला मित्र बोटांना जे लागेल, त्यावरच विश्वास ठेवणार आहे.

शब्दार्थ
लगदा – भिजवून मऊ केलेला गोळा
खळ – पिठापासून केलेला चिकट पदार्थ
कड – काठ

प्रश्न
१. चंद्रावरची विवरे का टिकून आहेत?
२. विवराची कड वर का उचलायची?
३. हेच चित्र डोळे मिटून पाहा आणि पाच वाक्ये लिहा.