शारदेचा नकार

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्ह्यातून वाहत वाहत कराडला येते. तेथे कोयना समोरून येऊन तिला भेटते. कराडला लागूनच मलकापूर आहे. तेथून नदी पुढे सांगलीस जाते, आणि सांगलीजवळ, वारणा जेथे कृष्णेत मिसळते तेथे, हरिपूर हे गाव लागते. या हरिपुरात १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. देवलांनी एकंदर सात नाटके लिहिली. त्यांपैकी सहा दुसऱ्या भाषांतील नाटकांच्या आधाराने रचलेली आहेत. केवळ एकाचे कथानक त्यांचे स्वतःचे होय. ते नाटक म्हणजे ‘संगीत शारदा’. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १८९९ साली रंगभूमीवर आणले.

शारदा ही कांचनभट नावाच्या द्रव्यलोभी गृहस्थाची मुलगी. भुजंगनाथ हा पंच्याहत्तर वर्षांचा धनवान विधुर. त्याला पुन्हा बोहल्यावर चढण्याची हौस आलेली असते. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. पैसा ठरतो, मुहूर्त ठरतो, मांडव पडतो. जिचे लग्न, तिला मात्र कोणी काही विचारीत नाही. शारदा आपल्या मनातील भीती आईजवळ बोलून दाखवते. आईला, म्हणजे इंदिराकाकूला, ती कळते. परंतु नवऱ्यापुढे त्या माऊलीचे काही चालत नाही.

या नाटकातील खलपुरुष ओळखणे सोपे आहे. प्रेक्षक कांचनभटावर रागावतात, भुजंगनाथाला हसतात आणि कोदंड नावाच्या तडफदार तरुणाचे कौतुक करतात. कारण ऐन वेळी हा विवाह थांबविणारा कोदंडच होय. पण त्याने तो कसा थांबविला, हे नीट पाहण्यासारखे आहे. वधू आणि वर एकाच गोत्राचे आहेत, हे तो चारचौघांत उघडकीस आणतो. सगोत्र विवाह धर्मशास्त्राला मान्य नाही, म्हणून लग्न मोडते. मुलीला ते नको होते म्हणून नव्हे! दोघांची गोत्रे भिन्न असती, तर शारदेच्या अश्रूंनी तो मुहूर्त एक घटकाही पुढे ढकलला गेला नसता.

मलकापुरातील एखादे आजोबा आपल्या नातीला ही गोष्ट सांगू लागले, तर ती मध्येच थांबवून विचारील, “आजोबा, पण शारदेला कोणी विचारलं का नाही?” आजोबा कदाचित म्हणतील, “बाळ, तेव्हा मुलींना विचारायची रीतच नव्हती. गप्प राहिली म्हणजे तिची संमती आहे, असं धरून चालायचे.” नातीचे यावर समाधान होणार नाही, आणि ते योग्यच आहे. भीतीने ओठ मिटलेले असतात, लाजेने मिटलेले असतात, बोलून उपयोग नाही हे ठाऊक असल्यानेही मिटलेले असतात. अशा मौनाला होकार समजणे फार सोयीचे असते; मात्र ती सोय ऐकणाऱ्याची असते, गप्प राहणाऱ्याची नव्हे.

लग्न मोडल्यावरही शारदेची सुटका होत नाही. विधी अर्ध्यावर राहिलेल्या मुलीला कोण पत्करणार, असा प्रश्न उभा राहतो. ती निराश होऊन नदीकडे जाते; कोदंड तिला मागे आणतो. अखेरीस शंकराचार्यांच्या निर्णयाने दोघांचा विवाह होतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. विशेष म्हणजे, किर्लोस्कर मंडळीत स्त्रियांची कामे पुरुषच करीत. शारदेचा नकार लोकांनी ऐकला, तोही पुरुषाच्या कंठातून. तरीही तो ऐकला गेला, ही गोष्ट लहान नाही. जे दुःख कित्येक घरांत माजघराबाहेर आले नव्हते, ते या नाटकाने शेकडो माणसांसमोर मोठ्याने बोलून दाखविले.

नाटकाच्या आधी प्रत्यक्ष जीवनातही एका मुलीने नकार दिला होता. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पुढे पतीने आपल्या घरी नांदावयास येण्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी, आपल्याला न कळत्या वयात झालेले हे लग्न आपण मानीत नाही, असे सांगितले. प्रकरण न्यायालयात गेले. पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम १८८७ साली झाला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली! १८८८ साली तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या. नंतर विलायतेस जाऊन वैद्यकी शिकल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. शारदेला गोत्राने सोडविले. रखमाबाई स्वतःच्या शब्दावर उभ्या राहिल्या.

१९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. तो हरबिलास सारडा यांनी मांडल्यामुळे ‘सारडा कायदा’ या नावाने ओळखला जातो. नाटकाच्या नावाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. त्याने लग्नासाठी मुलीचे वय किमान चौदा व मुलाचे अठरा ठरविले. आज ते अनुक्रमे अठरा व एकवीस आहे. वयाची मोजदाद कायदा करू शकतो. मुलीला विचारण्याचे काम मात्र घरच्या माणसांनाच करावे लागते.

१९१६ साली देवल वारले. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेले त्यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे नाटक अगदी निराळ्या प्रकृतीचे, पोट धरून हसविणारे आहे. येथे जुलूम करणारा कोणी नाही. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे पतिपत्नी एकमेकांवर प्रेम करतात, पण विश्वास ठेवीत नाहीत. रेवतीच्या हातून अश्विनशेटची तसबीर रस्त्यात पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि ती पाहत असलेल्या कृत्तिकेला फाल्गुनराव पाहतो. झाले! तेव्हापासून दोघेही परस्परांवर पाळत ठेवू लागतात. दुसऱ्याचे पत्र चोरून वाचणारा मित्र किंवा बहिणीची रोजनिशी उघडणारा भाऊ याच जातीचा असतो. काळजीपोटी करतो असे तो म्हणतो, आणि कधीकधी त्याला ते खरेही वाटत असते. प्रेक्षक मात्र हसतात, कारण ती तसबीर कोठून आली हे त्यांना ठाऊक असते. फाल्गुनरावाने बायकोला एवढे एकच सरळ विचारले असते, तर सारे नाटक पहिल्याच अंकात आटोपले असते.