चर्मोद्योगाला सरकारी आधार : साखळीच्या कोणत्या टोकाला?

मंचेरियल गावाबाहेर पडीक रानात पिवळ्या फुलांचे एक झुडूप दिसते. तेलुगूत त्याला तंगेडू, कन्नडमध्ये आवरिके आणि मराठीत तरवड म्हणतात. बतुकम्मेच्या सजावटीत ते फूल लागतेच, आणि तेलंगण झाल्यावर त्याला राज्यपुष्पाचा मान मिळाला. फुलाचे हे कौतुक योग्यच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहावी ती त्याची साल. या सालीत टॅनिन असते. हिरडा आणि बाभळीच्या सालीतही ते असते. चुन्याच्या हौदात केस सुटे करून धुतलेले कातडे या सालींच्या पाण्यात मुरले की ते कुजत नाही, पाण्याने फुगत नाही आणि टिकाऊ होते. यालाच कातडे कमावणे म्हणतात. कातडे पिशवीसारखे शिवायचे, टांगायचे आणि आत सालीचे पाणी भरून ते झिरपू द्यायचे, ही कोल्हापूरकडील जुनी रीत.

मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीवर फार मोठा धंदा उभा राहिला होता. तेथील अर्धवट कमावलेले कातडे 'ईस्ट इंडिया' या नावाने विलायतेस जाई आणि तेथे त्यावर शेवटचा हात फिरे. कच्च्या कातड्याचा व्यापार तर 1914 पूर्वी मुख्यतः जर्मन पेढ्यांच्या हाती होता. महायुद्धात सैनिकांच्या बुटांसाठी कातडे कमी पडू लागले, तेव्हा कोठे सरकारला या उद्योगाची आठवण झाली. 1919 मध्ये कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर शेकडा 15 जकात बसली. पण त्यातही एक मेख होती. माल साम्राज्यातच कमावला जाणार असेल तर दोन तृतीयांश सूट! देशी धंद्याचे संरक्षण किती आणि साम्राज्याचे किती, हे वाचकांनीच ठरवावे. 1923 मध्ये ही जकात सरसकट शेकडा 5 वर आली.

मंचेरियलवरून उत्तरेस जाणारी रेल्वे बल्लारशाहवरून वर्ध्याकडे जाते. वर्ध्याजवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी 1930 नंतरच्या दशकात चर्मालय चालविले. गांधीजींना त्यात विशेष रस होता. विचार असा की, खेड्यात मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, चरबी काहीच वाया जाऊ नये. कमावण्याचे काम स्वच्छ व शास्त्रशुद्ध व्हावे आणि त्या कामाबरोबर माणसाच्या माथी बसलेला अस्पृश्यतेचा डागही पुसला जावा. आर्थिक धोरणाच्या पुस्तकांत नालवाडीला क्वचितच जागा मिळते. मला मात्र तेथील प्रश्न सर्वांत मूलभूत वाटतो, कारण तो साखळीच्या पहिल्या टोकाचा, म्हणजे कातडे सोलणाऱ्या व कमावणाऱ्या माणसाचा होता.

स्वातंत्र्यानंतरचे धोरण दुसऱ्या टोकाकडून सुरू झाले. 1948 मध्ये मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली, डॉ. यलवर्ती नायुडम्मा यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने तिला नाव मिळवून दिले. तरीही कच्चा व अर्धवट कमावलेला माल बाहेर जातच राहिला. 1972 च्या सीतारामय्या समितीनंतर, 1973 पासून कच्च्या कातड्याची निर्यात बंद झाली आणि अर्धवट कमावलेल्या मालावर मर्यादा व कर आले. हेतू स्पष्ट होता : कातडे नको, बूट विका. हे धोरण यशस्वी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. आज आपल्या चर्मनिर्यातीत पादत्राणे व तयार वस्तू यांचाच वाटा मोठा आहे. क्रोमच्या सांडपाण्याने पालार नदीकाठच्या शेतीचे व विहिरींचे काय झाले, हे 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात वाचावयास मिळते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग खेड्यातला कारागीर? त्याच्यासाठी राज्यांनी महामंडळे काढली : आंध्र प्रदेशाने 1973 मध्ये, महाराष्ट्राने 1974 मध्ये, कर्नाटकाने 1976 मध्ये. कर्जे, प्रशिक्षण, सरकारी खात्यांच्या बुटांची कामे, विक्रीची दुकाने असा त्यांचा व्याप. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या महामंडळांना मिळून 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे इकडचे आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट हे चार तिकडचे. सीमेवरून भांडणारी दोन राज्ये एका चपलेवर एकत्र आली, हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या अंकात नोंदविण्याजोगे आहे.

पण येथेही साखळीचे पहिले टोक सुटलेलेच आहे. चप्पल शिवणारे चर्मकार, वेणी घालणाऱ्या त्यांच्या घरच्या स्त्रिया यांच्यासाठी योजना आहेत. कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाचा धंदा मात्र आटत गेला. कोल्हापुरातले पुष्कळ कारागीर आज चेन्नईकडून आलेले कातडे वापरतात. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशीचे किंवा मेलेल्या जनावराचे कातडे त्या कायद्याने बंद झाले नाही, परंतु ते गाडीत घालून नेणाऱ्याला वाटेत अडविले जाण्याची धास्ती वाटू लागली. एका खात्याने कारागिराला कर्ज द्यायचे आणि दुसऱ्याने त्याचा कच्चा माल दुर्मिळ करायचा, असे हे घडले.

जून 2025 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या आणि मूळ कोठले ते सांगितले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने ते मान्य केले, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांशी करार केला : 2,000 जोड, किंमत सुमारे 800 युरो. कोल्हापुरात हजार रुपयांतही जोड मिळतो. महामंडळांचे नाव कागदावर नसते तर कंपनीला करार करायला समोर कोणी अधिकृत पक्षच सापडला नसता. म्हणून महामंडळे निरुपयोगी आहेत, या नेहमीच्या शेऱ्याशी मी सहमत नाही.

त्याच वर्षीच्या केंद्रीय अंदाजपत्रकात पादत्राणे व चर्मोद्योगासाठी खास योजना जाहीर झाली. 22 लाख रोजगारांची अपेक्षा सांगितली गेली. त्याबरोबरच आणखी दोन निर्णय झाले. क्रोममध्ये एकदा कमावलेल्या ओल्या 'वेट ब्लू' कातड्यावरील आयातकर माफ झाला, आणि रंग-झिलई न चढविलेल्या 'क्रस्ट' कातड्यावरील शेकडा 20 निर्यातकरही उठला. 1973 च्या धोरणाचा हा बराचसा उलटा फेरा आहे. बूट कारखान्याला स्वस्त कातडे हवे, आणि त्या कारखान्यात हजारो स्त्रियांना काम मिळते, तेव्हा हा निर्णय चुकीचा म्हणवत नाही. मात्र कमावणीची पहिली पायरी परदेशात झाली तरी चालेल, हे आता सरकारी दरपत्रकातच लिहिले गेले आहे. आणि देशात कारागिराच्या हाती होते ते नेमके तेच काम.