गेलेल्या पैशांच्या मागे

चि. सोन्यास,


काल वहिनीचा फोन आला. तू एफडी मोडलीस, ऑप्शनमध्ये गेलेले पैसे भरून निघेपर्यंत थांबणार नाहीस म्हणालास, हे सांगताना तिचा आवाज कापत होता. ताईच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी! हात लावताना काहीच वाटलं नाही? पैसे गेले ते गेले. मला धास्ती आहे ती तुझ्या 'भरून काढतो'ची. दिवाळीत रमीला हरलास की तू उठायचा नाहीस, आम्हालाही उजाडेपर्यंत बसवायचास.

सेबीचा 2024 चा अहवाल वाच. तीन वर्षांत फ्युचर्स अँड ऑप्शन्समधल्या (एफ अँड ओ) शंभरातल्या 93 वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. सलग दोन वर्षं तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोक तरीही खेळत राहिले.

ही सगळी माणसं बिनडोक नव्हती रे. डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांचा 1979 चा प्रयोग मी वर्गात नेहमी सांगायचे. 3000 चा तोटा नक्की सोसायचा, की 4000 बुडण्याची ऐंशी टक्के शक्यता पत्करायची? दुसऱ्यात सरासरी 3200 जातात, तरी शंभरातल्या 92 जणांनी तेच निवडलं. तेच आकडे फायद्याचे केले, तर 80 जणांनी खात्रीचे 3000 खिशात घातले. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला विवेकी माणूस पुढे काय मिळेल एवढंच बघतो. आपण मात्र घेतल्या भावापासून मोजतो आणि तोटा कबूल करायला नको म्हणून आणखी मोठा धोका पत्करतो.

आपल्या अण्णांचंही तेच झालं. 1992 च्या शेअर घोटाळ्यानंतर बाजार कोसळला, तरी घेतला भाव आल्याशिवाय शेअर विकणार नाही म्हणून बसले. रोज सकाळी पेपरातल्या भावांवर पेन्सिलीने खुणा करायचे. मी तेव्हा कॉलेजात हेच अर्थशास्त्र शिकवत होते. त्यांच्या शेजारी बसून एकदा हिशेब मांडायला हवा होता, हे अजून मनाला लागून आहे.

म्हणून पुन्हा सांगते, भरून काढायला जाऊ नकोस. आज हातात नुसती रोकड असती तर हेच ऑप्शन घेतले असतेस का, एवढंच स्वतःला विचार. आणि ॲपमध्ये उरलेली रक्कम आजच बँकेत वळव. बाजार उघडला की मन वेगळंच बोलायला लागतं.

फार टाकून बोलले असेन तर मनाला लावून घेऊ नकोस. दादाला मी काही सांगितलेलं नाही. तू सांगशील तेव्हा मी शेजारी बसेन. रविवारी जेवायला ये. स्टेटमेंट आण, नाही आणावंसं वाटलं तर तसाच ये.

तुझी,
आत्या