एजन्सी बघायला जाताना

चि. सोनूस,


तुमच्या वर्गाची मुंबईतल्या पीआर एजन्सीची भेट ठरल्याचे ताईने सांगितले. मावशीला आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. अशा भेटींत मुले कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन बघतात, मोठमोठ्या क्लायंटची नावे ऐकून हरखतात, ग्रुप फोटो काढून परततात. काम जिथे चालते ते टेबल बघायचे राहूनच जाते.

ते दाखवा म्हणून सांग. एजन्सीत नव्याने लागलेल्या मुलीचा दिवस पेपर चाळण्यापासून सुरू होतो. क्लायंटच्या, त्याच्या स्पर्धकांच्या बातम्या वेचून सकाळीच पाठवायच्या असतात. मग प्रेसनोट, ती क्लायंटकडून पुन्हा पुन्हा बदलून येते. मग बातमीदारांना फोन. पेपरात पाने लावायची घाई असताना फोन केला की पलीकडचा माणूस वैतागतो, हे तिला लवकरच कळते. तिच्याशी दहा मिनिटे बोलायला मिळाले तरी खूप झाले. तिच्याकडे एखादी जुनी प्रेसनोट माग आणि छापून आलेली बातमी त्या नोटेशेजारी ठेवून वाच. काय टिकले, काय उडाले? बहुधा क्लायंटच्या साहेबांचे मनोगत उडालेले असते. आकडा, गाव, तारीख टिकलेली असते. बातमी कशाला म्हणतात हे त्या दोन कागदांवरून जितके कळते, तितके भाषणातून कळत नाही.

जाण्याआधी कॅडबरीचे प्रकरण नीट वाच. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, मुंबईत डेअरी मिल्कच्या काही चॉकलेटांत अळ्या सापडल्या. कंपनीने दुकानातल्या साठवणुकीकडे बोट दाखवले. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने उलट विचारले, मग वेष्टनाचे काय? कंपनीने 'प्रोजेक्ट विश्वास' काढून दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते समजावले, आणि २००४ च्या सुरुवातीला जास्त घट्ट बंद होणारे वेष्टन आणले. अमिताभ बच्चन यांनी जाहिरातीतून लोकांना भरवसा दिला तो या बदलाच्या जोरावर. वेष्टन तेच राहिले असते, तर त्यांच्या आवाजाने तरी काय साधले असते?

म्हणून तिथल्या वरिष्ठांना हे जरूर विचार: क्लायंटचीच चूक असते तेव्हा त्याला काय सांगता? कोणते काम नाकारलेत?

प्रश्न आगाऊ वाटला तरी विचार. नको ते काम घेतले की काय होते बघ: लंडनच्या बेल पॉटिंजर या पीआर एजन्सीने दक्षिण आफ्रिकेत उद्योजक गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या पीआर व्यवसायाच्या संघटनेने तिला बाहेर काढले आणि त्याच महिन्यात ही एजन्सी कोलमडली. नोकरी तिथल्या कनिष्ठांचीही गेली.

कामाची मोजणी कशी करतात, हेही बघ. छापून आलेल्या जागेला जाहिरातीचा दर लावून किंमत काढायची जुनी पद्धत पीआरच्या मोजमापासाठी ठरवलेल्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी अमान्य केली आहे.

दुसऱ्या दिवशी आभाराची छोटी मेल पाठव. त्यात काय पाहिलेस ते नेमके लिही. इंटर्नशिपचे विचारशील तेव्हा स्टायपेंडचेही मोकळेपणाने विचार. आणि मराठी प्रेसनोट कोण लिहिते, तेही विचारून घे. नाशिक-कोल्हापूरच्या पेपरांसाठी इंग्रजीवरून घाईने उतरवलेली नोट उपसंपादकाला पुन्हा लिहावी लागते, नाहीतर ती तशीच पडून राहते. तुझे मराठी चांगले आहे. हे काम जमेल असे सांगताना लाजू नकोस.

तुझी,
मावशी