रानटी ताडांचें उत्पन्न: झाड राखून फळ कसें घ्यावें

ताडवर्गांतील झाडें आमच्या शेतकरी बंधूंस नवीं नाहींत. कोंकणांतील नारळ व सुपारी, देशावरील शिंदी, सह्याद्रीच्या रानांतील भेरली माड हीं सारीं याच वर्गांतलीं होत. यांपैकीं नारळ व सुपारी आपण लावितों, शिंपितों व राखितों. म्हणून त्यांच्या उत्पन्नाचा हिशेब आपणांस तोंडपाठ असतो. परंतु रानांत आपोआप वाढलेल्या झाडाचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. जें फुकट मिळालें तें संपेपर्यंत घ्यावें, अशी रीत पडून जाते. या रीतीनें किती नुकसान होतें आणि ती बदलल्यास काय लाभ होतो, याचें एक बोधप्रद उदाहरण दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत घडलें आहे. प्रथम तें पाहूं, व मग आपल्या रानांकडे वळूं.

झाडाची ओळख.— पेरूच्या ईशान्येस लोरेतो नांवाचा प्रांत आहे. अॅमेझॉन नदी व तिच्या उपनद्या यांच्या कांठचा हा सखल मुलूख वर्षाचे बरेच महिने पाण्यांत असतो. तेथील दलदलींत आग्वाहे नांवाचा ताड मैलोगणती माजलेला आहे. याचें खोड सरळ, गुळगुळीत व बिनफांदीचें असून तें तीस मीटर किंवा त्याहूनहि उंच जातें. शेंड्यावर पंख्यासारखीं मोठीं पानें व त्यांखालीं फळांचे लांब घोस लोंबतात. फळ कोंबडीच्या अंड्याएवढें, तांबूस तपकिरी, खवल्यांच्या सालीचें असतें. आंतील पिवळानारिंगी गर पातळ, पण तेलकट व पौष्टिक असतो. गाजराला रंग देणारें जें द्रव्य तें त्यांत विपुल आहे. हीं फळें कोमट पाण्यांत मऊ करून खातात. त्यांचें सरबत व बर्फाची मिठाईहि करितात. प्रांताचें मुख्य शहर जें इकितोस, तेथें या फळांचा मोठा खप आहे. त्या शहरास देशाच्या इतर भागांतून गाडीरस्ता नाहीं. दूरदूरच्या खेड्यांतून फळांचीं पोतीं होड्यांनींच येतात.

या झाडाचा एक विशेष ध्यानांत धरला पाहिजे. पपईप्रमाणें यांत नर व मादी हीं झाडें निरनिराळीं असतात. फळ केवळ मादीस येतें. परंतु नर नसल्यास मादीस फळ धरत नाहीं. आणि पपईप्रमाणेंच फुलोरा येईपर्यंत झाड नर कीं मादी हें ओळखतां येत नाहीं. पपई वर्षाच्या आंत फुलते. रानांतल्या दाट सावलींत वाढणाऱ्या आग्वाहेस मात्र फुलावर येण्यास दहाबारा वर्षें, कित्येकदां त्याहून अधिक काळ लागतो.

तोडीची रीत व तिचा परिणाम.— नारळाच्या माडावर चढावें तसें या झाडावर चढून घोस उतरवावे, हें आपणांस सहज सुचेल. पण तेथें पिढ्यान्पिढ्या चालत आलेली रीत निराळी: कुऱ्हाड घेऊन जावें, फळांनीं लदलेली मादी बुंध्याशीं तोडावी, घोस पोत्यांत भरावे व खोड तेथेंच टाकून द्यावें. पडलेल्या खोडांत सोंड्या भुंगा अंडीं घालतो व त्याच्या अळ्या लोक आवडीनें खातात. आपल्या नारळाचा शत्रू जो सोंड्या भुंगा, त्याचाच हा अमेरिकेंतील भाऊबंद होय. यावरून खोड अगदींच वायां जातें असें नाहीं; परंतु वीसतीस वर्षें फळ देऊं शकणारें झाड एका हंगामाच्या फळासाठीं जातें, हें खरें.

या व्यवहाराचा आंकडा मांडून पाहूं. समजा, एका गांवच्या दलदलींत पन्नास मादी झाडें आहेत. दर वर्षीं दहा तोडलीं तर पांच वर्षांत पन्नास झाडांचें एकेक पीक हातीं येतें, आणि सहाव्या वर्षीं दलदलींत नरच तेवढे उभे राहतात. उलट, झाडें न तोडतां फळ उतरविलें तर पांच वर्षांत अडीचशें पिकें मिळावीं. प्रत्येक झाड प्रत्येक वर्षीं सारखें फळत नाहीं, म्हणून निम्मींच धरा. तरी सव्वाशें होतात, आणि पन्नासहि झाडें उभीं असतात.

तोडीचें नुकसान येथेंच थांबत नाहीं. माणूस तोडण्यासाठीं नेहमीं अधिक फळांची मादी निवडतो. म्हणजे सर्वांत चांगलें बियाणें प्रथम जातें. मादी गेल्या कीं बी पडत नाहीं, व नवीन रोपें उगवत नाहींत. त्या फळांवर जगणारीं रानडुकरें व टापीर नांवाचें मोठें जनावर तेथून निघून जातात, व शिकारीवर पोट भरणाऱ्या लोकांचा दुसरा आधारहि तुटतो. नर झाडें उभीं असल्यामुळें दुरून रान हिरवेंगारच दिसतें. पण तें वांझ झालेलें असतें.

मोजणीनें काय दाखविलें.— इ. स. २०२२ सालीं या विषयावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईशान्य पेरूंतील सुमारें २८ लाख हेक्टर दलदलींचा विचार करून, ९३ ठिकाणीं किती झाडें मादी आहेत हें त्यांत मोजलें होतें. शहराच्या बाजारापासून जसजसें दूर जावें तसतसें मादींचें प्रमाण वाढत जातें, असें आढळलें. म्हणजे बाजार जेथें हाताशीं, तेथें मादी संपत आलेल्या. सर्व मुलखाचा विचार करितां तोडीमुळें फळांचें संभाव्य उत्पन्न निम्म्यावर आलें आहे, असा निष्कर्ष निघाला. परंतु जेथें लोक झाडावर चढून फळ काढतात तेथें मादींचें प्रमाण लक्षांत येण्याइतकें अधिक होतें. सर्वत्र चढण्याचीच रीत पडली तर कालांतरानें उत्पन्न शेंकडा ५१ नीं वाढूं शकेल, व त्याची एकंदर किंमत वर्षास सहा कोटी डॉलरांच्या आसपास जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. अर्थात् या अंदाजांत बरीच कमीअधिक तूट संभवते.

या दलदलींचें आणखीहि एक महत्त्व आहे. पाण्याखालीं पडलेला पालापाचोळा पुरता कुजत नाहीं. त्याचे थरावर थर हजारों वर्षें सांचत आले आहेत. एकट्या पास्तासा-मारान्योन खोऱ्यांतील अशा दलदलींत सुमारें ३०० कोटी टन कर्ब सांठलेला आहे, असें २०१४ सालच्या मोजणींत दिसून आलें. ती दलदल सुकविली किंवा जाळली तर हा कर्ब हवेंत मिसळून जगाची उष्णता वाढवील. उभ्या झाडापासून गांवाला पैसा मिळत राहिला तरच ती दलदल तशी राखण्यांत गांवाचें हित राहील.

चढण्याची रीत.— पाकाया-सामिरिया नांवाचा वीस लाख हेक्टरांहून मोठा राखीव प्रदेश याच प्रांतांत आहे. त्यांतील बेइन्ते दे एनेरो या खेड्यानें चढून फळ काढण्याचा मार्ग प्रथम धरणाऱ्या गांवांत मान मिळविला आहे. कंबरेला पट्टा बांधावयाचा, खोडाभोंवतीं दोन फास टाकावयाचे, आणि एकावर भार देऊन दुसरा वर सरकवीत चढावयाचें, अशी सर्वसाधारण कृति आहे. आपल्याकडील माडावर चढणाऱ्या गड्यास तींत फारसें नवल वाटणार नाहीं.

मग ही सोपी रीत सर्वांनीं कां उचलली नाहीं? याचें कारण आळस नव्हे. झाड फार उंच, चढणें जिवावरचें, साधनाला पैसा व शिक्षणाला वेळ लागणार, हीं कारणें आहेतच. पण त्यांहून मोठें कारण मालकीचें आहे. दलदल सर्वांची, म्हणजे कोणाचीच नव्हे. मीं आज कष्टानें चढून झाड राखलें आणि उद्यां परगांवच्या माणसानें येऊन तें तोडलें, तर माझ्या शहाणपणाचा लाभ कोणास? म्हणून जेथें गांवानें आपली हद्द ठरविली, तोडीस बंदी केली व पहारा ठेविला, तेथेंच चढण्याची रीत टिकूं शकते. साधन दुय्यम आहे, नियम मुख्य आहे. याच्या जोडीला घराजवळच्या मोकळ्या जमिनींत हीं झाडें लावणेंहि हिताचें असतें. कारण उन्हांत वाढलेलें झाड लवकर, व तें ठेंगणें असतांनाच फळतें.

प्रत्येक ताडाचा नियम निराळा.— एका झाडाचा नियम दुसऱ्यास जसाच्या तसा लावूं नये. ब्राझील देशांत जुसारा व आसाई हे दोन जवळचे भाऊबंद ताड आहेत. दोहोंच्या शेंड्यांतील कोंवळा गाभा भाजीसारखा खातात. जुसाराला खोड एकच, व ताडाच्या खोडाला वाढीचा कोंब एकच. गाभा काढला कीं झाड मेलें. आसाई केळीप्रमाणें बेटानें वाढतो. एक खोड तोडलें तरी बाजूचीं वाढतात, म्हणून बेटांतील कांहीं खोडें बेतानें काढतां येतात.

आमचा भेरली माड तिसऱ्याच प्रकारचा आहे. त्याचे नर व मादी हे भेद निराळ्या झाडांचे नसून एकाच झाडावर दोन्ही प्रकारचीं फुलें येतात. तो अनेक वर्षें नुसता वाढतो. मग शेंड्यापासून खालीं क्रमानें एकेक तुरा टाकीत जातो, आणि शेवटचा तुरा फळला कीं मरतो. म्हणजे त्याला बी देण्याची संधि आयुष्याच्या अखेरीसच मिळते. मंडपाच्या शोभेसाठीं शेंड्यासकट पानें छाटलीं, किंवा पन्हळीसाठीं खोड फुलण्यापूर्वींच तोडलें, तर त्या झाडाचा वंश तेथेंच खुंटतो. रस काढण्यासाठीं प्रत्येक तुरा कापला तरी परिणाम तोच. याचीं फळें माणसाच्या अंगाला खाज आणतात. पण उदमांजर व धनेश तीं खाऊन बी दूरवर टाकतात. म्हणून निदान कांहीं तुरे पिकूं देणें हेंच या झाडाचें लावणीचें काम होय.

सारांश.— रानांतील कोणत्याहि ताडाला हात लावण्यापूर्वीं पुढील प्रश्न स्वतःस विचारावे.

(१) आपण काय घेतों: पान, फळ, रस, गाभा कीं खोड? पान व फळ घेऊन झाड जगतें. एकट्या खोडाचा गाभा घेतला तर जगत नाहीं.

(२) झाड एका खोडाचें कीं बेटाचें? एका खोडाच्या झाडाचा शेंडा कदापि दुखवूं नये.

(३) नर व मादी निराळीं आहेत काय? असल्यास मादी राखावी, व नर निरुपयोगी समजून सारे तोडूं नयेत.

(४) झाड वर्षानुवर्षें फळतें, कीं एकदांच फुलून मरतें? एकदांच फुलणाऱ्याचें बी पडल्याखेरीज त्यास तोडूं नये.

(५) गांवच्या रानाची हद्द, तोडीचा हंगाम व पहारा हे ठरले आहेत काय? नसल्यास आधीं तें काम करावें.

आग्वाहेच्या दलदली एका दिवसांत ओसाड झाल्या नाहींत. प्रत्येक वेळीं एकच झाड पडत होतें, आणि तें पाडणाऱ्यास त्या दिवशीं पोतेंभर फळ मिळतच होतें. म्हणूनच हें नुकसान वेळेवर दिसत नाहीं. आमच्या वाचकांनीं पुढल्या खेपेस रानांत जातांना आपल्या शिवेवरचे भेरली माड एकवार मोजावे, त्यांपैकीं किती फुललेले आहेत व त्यांखालीं किती रोपें उगवलीं आहेत तें पाहावें. रोपें नसतील तर उभीं झाडें ही शेवटची पिढी आहे असें समजून तीं राखण्यास लागावें.