दोन खात्यांच्या मधलं मूल

शिक्षण विभागातली माझी सुरुवात मराठवाड्यातल्या एका तालुक्यात झाली, पुढे राज्य पातळीवर शिक्षण आणि युवक धोरणाचं काम वाट्याला आलं. या क्षेत्रात येणाऱ्या तरुण सहकाऱ्यांसाठी अनुभवाचे हे काही बोल.

१. मूल कुठे गळतं, ते आधी शोधा.
१ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणाचा तरुण १५ ते २९ वयाचा. कागदावर सांधा जुळतो. गावात मात्र आठवी झाली, शाळा संपली, की मुलगी घरी बसते आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ती ना शाळेच्या यादीत, ना युवक कार्यक्रमाच्या. आपलं खरं काम या सांध्यावर आहे.

२. योजनेची तारीख मुलाच्या वर्षावरून ठरवा.
बीडकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; आई-बाप जातात, मूलही जातं. नाव हजेरीपटावर राहतं आणि पोरगी फडाशेजारच्या कोपीत धाकट्याला सांभाळते. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर मूल आजी-आजोबांपाशी गावातच राहतं, शाळाही चालू राहते. पण टोळी गेल्यावर मंजुरी आली तर तिचा काय उपयोग? प्रस्ताव पावसाळ्यातच मार्गी लागला पाहिजे.

३. शिक्षणाचा प्रश्न शेजारच्या खात्यातही सुटतो.
मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण शाळा पाचला सुटून गाडी सातला येत असेल, तर फाट्यावर उतरून वाडीपर्यंत अंधारात चालावं लागतं. कोणते आई-बाप पाठवतील? इथे परिपत्रक कामाला येत नाही. आगार व्यवस्थापकासमोर वेळापत्रक घेऊन बसावं लागतं. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस शाळेच्या वेळा सांभाळून धावल्या, तिथे मुली दहावीपर्यंत टिकलेल्या मी पाहिल्या आहेत.

४. खुर्ची देऊन थांबू नका, बोलू द्या.
शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. बैठक भर दुपारी ठेवली तर मजुरी बुडवून कोण येणार? संध्याकाळी घेतली, आधीचं इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवलं, की बायका बोलू लागतात. शौचालयाला कडी नाही, ही गोष्ट कुठल्याही अहवालाआधी त्याच सांगतात. युवक धोरणाचंही तसंच आहे. मसुदा तयार झाल्यावर तरुणांना बोलावू नका, तो लिहायला बसतानाच सोबत घ्या.

५. आपल्या मातीतला इतिहास वाचा.
राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण त्याआधीच, १९०१पासून, त्यांनी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती. मुलाने राहायचं कुठे, जेवायचं काय, याचं उत्तर दिल्याशिवाय शिक्षण घरोघर पोचत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही शाळेइतकंच बोर्डिंगला महत्त्व दिलं.

६. बदली गृहीत धरून काम उभं करा.
अधिकारी बदलतो, केंद्रप्रमुख, शिक्षक आणि गाव तिथेच असतात. निर्णयाची कारणं लिहून ठेवा आणि श्रेय त्यांच्या नावावर जाऊ द्या. गावाला आपलं वाटलेलं कामच पुढे टिकतं.

नव्याने रुजू होणाऱ्यांना एकच आग्रहाचं सांगणं आहे. एखाद्या गावात जा, गेल्या तीन वर्षांत आठवी झालेल्या मुलींची यादी घ्या आणि प्रत्येकीच्या नावापुढे ती आज कुठे आहे ते लिहा. धोरणाचा मसुदा हातात घ्या तो त्यानंतरच.